समोर असलेली फाइल ‘नाही’ म्हणणारी स्क्रिप्ट : एका दूध संस्थेच्या बिलाचं प्रकरण

कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका गावच्या प्राथमिक दूध संस्थेत सभासदांचं बिल दर दहा दिवसांनी निघतं : १ ते १०, ११ ते २० आणि २१ ते महिनाअखेर. संकलनाच्या टेबलावर लिटर, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले घन घटक) मोजलं जातं. तिथला विंडोज ७ चा संगणक नोंदी सीएसव्ही फाइलीत, म्हणजे स्वल्पविरामांनी स्तंभ पाडलेल्या साध्या मजकुराच्या फाइलीत, टाकतो. कपाटाशेजारी एक जुना उबुंटू (लिनक्सचाच एक प्रकार) संगणक आहे. त्यावरची एक बॅश स्क्रिप्ट, म्हणजे बॅश या प्रोग्रॅमनं ओळीनं चालवायच्या कमांडची फाइल, रात्री दहाला क्रॉनमधून (ठरल्या वेळी कामं सुरू करणारी सोय) आपोआप चालते, दिवसाच्या नोंदी वाचते, सभासदवार बेरीज मारते आणि दहाव्या दिवशी बिलाची यादी छापायला देते. शंभरेक ओळींची साधी स्क्रिप्ट. ती लिहिणारा मुलगा गावातलाच, पण आता पुण्यात नोकरीला. त्याच्यामागे ती बरेच महिने बिनतक्रार चालली. मग म्हशीच्या दुधाचा दर वाढला. ऑपरेटरनं स्क्रिप्टमधला आकडा बदलला आणि पुढच्या बिलाच्या दिवशी सकाळी छापखान्यात पाठवायला यादीच नव्हती.

मला फोन आला तेव्हा ऑपरेटरचं म्हणणं एका वाक्याचं होतं : “दादा, स्क्रिप्ट चालंना. ‘फाइल न्हाई’ म्हणतंय. आणि फाइल तर हितंच हाय की!”

त्यानं पडद्याचा मोबाइलवर काढलेला फोटो पाठवला. वरच्या अर्ध्या भागात ट्यूबलाइट, खालच्या अर्ध्या भागात एरर. पहिली ओळ अशी : विसर्गासारख्या दोन टिंबांनी सुरुवात, मग ‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’, आणि शेवटच्या अक्षराला आणखी दोन-तीन अक्षरं विनाकारण चिकटलेली. कुठली फाइल नाही, ते नाव मात्र गायब. (एरर आणि कमांड इथे देवनागरीत लिहितोय; टाइप करताना अर्थातच रोमन अक्षरं.)

अशा वेळी माणसाचा हात आधी परवानग्यांकडे जातो, नंतर सुडोकडे (मालकाच्या अधिकारानं कमांड चालवणं) आणि शेवटी संगणक बंद-चालू करण्याकडे. इथे यातलं सगळं होऊन गेलं होतं. पण हा संदेश खोटं बोलत नव्हता. लिनक्सवर ‘नो सच फाइल’ आलं की कुठली तरी फाइल खरोखरच सापडलेली नसते. फक्त ती तुमच्या मनात असलेली फाइल असतेच असं नाही. त्यामुळे पहिला प्रश्न : कोण, कुठल्या नावाची फाइल शोधतंय?

आधी काय काय घडलं होतं

ऑपरेटरला मी सगळं पहिल्यापासून सांगायला लावलं. एरर नंतर बघू, हाताने काय केलं ते आधी. हे ऐकण्यात वेळ गेला, पण निम्मं प्रकरण तिथेच सुटलं.

त्यानं स्क्रिप्ट पेन ड्राइव्हवर घेतली आणि विंडोजच्या नोटपॅडमध्ये उघडली. सगळ्या ओळी एकमेकींना चिकटून एकच लांबलचक पट्टी दिसली. जुन्या नोटपॅडला युनिक्सची (लिनक्स त्याच घराण्यातलं) ओळ कुठे संपते हेच कळत नसे. ते कळायला विंडोज १० ची २०१८ मधली १८०९ ही आवृत्ती यावी लागली. पट्टीत दर शोधणं शक्य नव्हतं. म्हणून त्यानं मूळ लेखकाचा जुना ई-मेल काढला. त्यात सगळी स्क्रिप्ट मजकूर म्हणून चिकटवलेली होती. ती कॉपी करून त्यानं नव्या नोटपॅड फाइलीत टाकली, दर बदलला, सेव्ह केलं. तेव्हा नोटपॅडनं सावध केलं : या फाइलीत युनिकोड अक्षरं आहेत, अशीच ठेवली तर ती जातील. स्क्रिप्टमध्ये संस्थेचं नाव, ‘सभासद’, ‘गाय’, ‘म्हैस’ असे शब्द मराठीत होते. मराठी जाऊ नये म्हणून त्यानं एन्कोडिंगच्या (अक्षरं बाइटांत साठवायच्या पद्धतींच्या) यादीतून यूटीएफ-८ निवडलं.

यातली एकही गोष्ट वेडेपणाची नाही. त्याच्या जागी कुणीही शहाण्या माणसानं हेच केलं असतं, आणि गोची याच दोन पावलांत झाली.

मग जुनी फाइल पुसून नवी पेन ड्राइव्हवरून उबुंटूवर आणली. पेन ड्राइव्ह फॅट पद्धतीचा. त्यावर लिनक्सच्या परवानग्या टिकत नाहीत, त्यामुळे नव्या फाइलीला ‘चालवण्याची’ परवानगी राहिली नाही. रात्री दहाला क्रॉननं प्रयत्न केला, ‘परमिशन डिनाइड’ मिळालं, आणि क्रॉननं ही तक्रार ई-मेलनं कळवायची ठरवली. त्या संगणकावर ई-मेल पाठवणारा कुठलाच प्रोग्रॅम नव्हता. सिस्टिमच्या लॉगमध्ये ओळ पडली : ‘नो एमटीए इन्स्टॉल्ड, डिसकार्डिंग आउटपुट’. म्हणजे तक्रार आली, पण ती घ्यायला कुणी नाही म्हणून फेकून दिली. डेबियन-उबुंटूच्या क्रॉनची ही सवय जगभर किती बॅकअप गुपचूप बंद पाडत असेल कुणास ठाऊक. इथे तर रोजच्या रोज बेरीज अडकत गेली आणि बोंब झाली ती बिलाच्या दिवशी.

सकाळी ऑपरेटरनं हातानं स्क्रिप्ट चालवली तेव्हा ‘परमिशन डिनाइड’ त्याच्या डोळ्यांसमोर आलं. सचिवांच्या इंजिनिअरिंगला असलेल्या पुतण्यानं फोनवर सांगितलं, “मामा-काका कुणाला विचारू नको, नुसतं पुढं ‘एसएच’ लावून चालव.” त्यानं वेगळेच एरर आले. मग कुणीतरी ‘सीएचमॉड ७७७’, म्हणजे सगळ्यांना सगळ्या परवानग्या, सांगितलं. परवानगी मिळाली आणि मग फोटोतला तो बिननावाचा संदेश आला. माझ्याकडे आलेल्या फोटोंमध्ये तीन वेगवेगळ्या मार्गांचे एरर एकमेकांत मिसळलेले होते. त्यांचा एकत्र अर्थ लावायला बसलं तर दुपार जाते आणि हाती काही लागत नाही.

तीन वाटा, तीन संदेश

म्हणून एकेक वाट पुन्हा, स्वतंत्रपणे.

पहिली वाट : ‘./बिल.एसएच’. फाइल थेट चालवली की ती आधी कर्नलकडे, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याकडे, जाते. कर्नल पहिले दोन बाइट बघतो. ते ‘#’ आणि ‘!’ असतील तर पुढचा मजकूर म्हणजे कुठल्या प्रोग्रॅमनं ही फाइल वाचायची त्याचा पत्ता, इथे ‘/बिन/बॅश’. ही सोय युनिक्समध्ये डेनिस रिची यांनी १९८० च्या जानेवारीत बेल लॅब्समध्ये घातली. ते दोन बाइट सापडले नाहीत तर कर्नल ‘हा प्रकार मला ओळखता येत नाही’ एवढं सांगून परत पाठवतो. मग बॅश म्हणतं, ठीक आहे, मीच ओळ-ओळ वाचून बघतो.

दुसरी वाट : ‘बॅश बिल.एसएच’. इथे कर्नलला या फाइलीबद्दल काही विचारलंच जात नाही. बॅश सुरू होतं आणि फाइल नुसती मजकूर म्हणून वाचतं. पहिली ओळ ‘#’ ने सुरू होते म्हणून बॅशच्या लेखी ती टीप असते, ती सोडून पुढे जातं.

या दोन वाटांवर वेगवेगळे संदेश यायला हवे होते. ओळींच्या शेवटी विंडोजची खूण शिरली असेल, आणि फक्त तेवढंच झालं असेल, तर पहिल्या वाटेवर ‘बॅड इंटरप्रिटर’ येतं आणि दुसऱ्या वाटेवर पहिली ओळ मुकाट्यानं ओलांडली जाते. इथे मात्र दोन्हींकडे शब्दशः तोच विस्कटलेला संदेश, आणि तोही पहिल्याच ओळीबद्दल. म्हणजे कर्नलला ‘#!’ दिसलंच नव्हतं आणि बॅशलाही ती ओळ टीप वाटत नव्हती. दोघांनाही ‘#’ च्या आधी काहीतरी दिसत होतं, जे माणसाला दिसत नव्हतं. मला या प्रकरणातला सगळ्यात उपयोगी पुरावा हाच वाटतो. एररच्या शब्दांपेक्षा दोन वाटांवरच्या एररची तुलना जास्त बोलते.

तिसरी वाट, पुतण्याची : ‘एसएच बिल.एसएच’. उबुंटूवर २००६ च्या ६.१० आवृत्तीपासून ‘एसएच’ म्हणजे बॅश नव्हे, तर डॅश नावाचा दुसरा तसाच प्रोग्रॅम. डॅश लहान आणि चपळ, पण बॅशच्या बऱ्याच सोयी त्याला ठाऊक नाहीत. या स्क्रिप्टमध्ये दुहेरी चौकटी कंसांतल्या अटी होत्या. डॅशनं त्या कंसांनाच कमांड समजून ‘नॉट फाउंड’ म्हटलं. हे एरर खरे होते, पण आपल्या आजाराचे नव्हते. औषधानं आलेले पुरळ. ही वाट मी बंदच केली. स्क्रिप्टच्या डोक्यावर बॅश लिहिलं असेल तर ती ‘एसएच’ नं चालवू नये.

विस्कटलेल्या ओळीचं कोडंही इथे सुटतं. बॅश ती पहिली ओळ कमांड समजून त्या नावाचा प्रोग्रॅम शोधत होतं. नावात तिरप्या रेघा असल्यामुळे ‘कमांड नॉट फाउंड’ ऐवजी ‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’ आलं. त्या नावाच्या शेवटी एक अदृश्य बाइट होता जो टर्मिनलला सांगतो, ‘ओळीच्या सुरुवातीला परत जा’. टर्मिनल आज्ञाधारक; ते परत गेलं आणि उरलेला संदेश आधी छापलेल्या अक्षरांवरच छापला. फाइलीचं नाव झाकलं गेलं. आधीची ओळ थोडी लांब होती, म्हणून तिची दोन-तीन अक्षरं शेवटी उघडी पडली. ज्या फाइलीचा शोध चालला होता तिचं नाव पडद्यावर छापलं गेलं होतं आणि त्याच क्षणी पुसलंही गेलं होतं.

बाइट वाचून दाखव

पडदा विश्वासार्ह नाही हे कळल्यावर पडद्याकडे बघण्यात अर्थ नसतो. ‘हेड’ नं पहिले काही बाइट काढून ‘ओडी’ कडे दिले की ते सोळाच्या पद्धतीत आकड्यांत छापले जातात. ऑपरेटरनं ते तंबोल्याचे नंबर पुकारावेत तसे फोनवर वाचले :

ईएफ, बीबी, बीएफ, २३, २१, २एफ, ६२, ६९, ६ई, २एफ, ६२, ६१, ७३, ६८, ०डी, ०ए.

“थांब,” म्हटलं, “पहिले तीन परत सांग.”

२३ आणि २१ म्हणजे ‘#’ आणि ‘!’. पुढचे ‘/बिन/बॅश’. फाइल २३ नं सुरू व्हायला हवी होती, पण तिच्या आधी तीन बाइट बसले होते : ईएफ बीबी बीएफ. हा बीओएम. ‘ही फाइल यूटीएफ-८ मध्ये आहे’ असं सांगणारी खूण, जी जुनं नोटपॅड यूटीएफ-८ निवडलं की न विचारता फाइलीच्या तोंडाशी चिकटवत असे. २०१९ च्या १९०३ आवृत्तीपासून नोटपॅडनं हा हट्ट सोडला, पण तालुक्या-गावांतल्या टेबलांवर विंडोज ७ अजून जिवंत आहे. विंडोजला ही खूण उपयोगी पडते. लिनक्सच्या कर्नलला मात्र पहिल्या दोन बाइटांत ‘#!’ हवं असतं, तीन बाइट पुढे असलेलं चालत नाही.

शेवटचे दोन, ०डी आणि ०ए, म्हणजे दशमानात १३ आणि १०. १३ म्हणजे ‘कॅरेज परत आण’, १० म्हणजे ‘कागद एक ओळ वर सरकव’. मराठी ३०, इंग्रजी ४० च्या टायपिंग परीक्षा ज्यांनी मॅन्युअल मशिनवर दिल्या, त्यांच्या डाव्या हाताला ही हालचाल आजही आठवत असेल. एका लिव्हरनं दोन्ही कामं व्हायची. टेलिटाइपच्या यंत्रांना ती दोन कामं दोन वेगळ्या आज्ञांनी सांगावी लागत. युनिक्सनं ओळ संपवायला नुसता १० पुरेसा मानला. डॉसनं त्याच्या आधीच्या सीपी/एम या प्रणालीच्या मागून जात १३ आणि १० दोन्ही ठेवले, आणि विंडोजनं ते वारशानं घेतले. तो १३ च आपला ‘सुरुवातीला परत जा’ म्हणणारा अदृश्य बाइट.

जरा पुढे वाचलं तर ‘ई० ए४’ आणि ‘ई० ए५’ अशा जोड्या सारख्या येत होत्या. ऑपरेटर घाबरला, “दादा, हे काय वायरस-बियरस?” ते देवनागरी होतं. यूटीएफ-८ मध्ये आपलं प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचं आणि सुरुवात ‘ई० ए४’ किंवा ‘ई० ए५’ ची. ‘म’ म्हणजे ई० ए४ एई. फाइलीतला मराठी मजकूर शाबूत आहे याची ती पावती. एन्कोडिंग बिघडलं असतं तर त्या जागी ३एफ, म्हणजे प्रश्नचिन्हं दिसली असती.

एवढं खोलात जायचं नसेल तर ‘फाइल’ नावाची कमांड एका ओळीत सांगते : ‘विथ बीओएम’, ‘विथ सीआरएलएफ लाइन टर्मिनेटर्स’. आणि ‘कॅट -ए’, यातला ‘ए’ मोठा, प्रत्येक ओळीच्या शेवटी ‘^एम$’ दाखवतं. तरीही मी आधी बाइट वाचायला लावतो. ‘फाइल’ अंदाज सांगते, ‘ओडी’ जे आहे ते सांगते.

एका वेळी एकच दुरुस्ती

‘डॉसटूयुनिक्स’ हा छोटा प्रोग्रॅम बीओएम आणि १३ दोन्ही एका फटक्यात काढतो. घाई असेल तर तोच वापरावा. बिल अडलं होतं, घाई होतीच. तरी मी आधी सेडनं (मजकुरात बदल करणारी कमांड) फक्त बीओएम काढला आणि स्क्रिप्ट पुन्हा चालवायला सांगितली. निदान बरोबर असेल तर आता संदेश बदलायला हवा, आणि कसा बदलेल हेही आधी सांगता यायला हवं.

तसंच झालं. आता आलं : ‘/बिन/बॅश^एम: बॅड इंटरप्रिटर: नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’.

आता कर्नलला ‘#!’ दिसलं. त्यानं पुढचा पत्ता उचलला, आणि पत्त्याच्या शेवटी तो १३ लटकत होता. लिनक्सचा कर्नल या ओळीच्या शेवटच्या मोकळ्या जागा आणि टॅब झटकून टाकतो, १३ झटकत नाही. त्यामुळे तो ‘बॅश’ शोधत नाही, ‘बॅश आणि शेवटी १३’ अशा नावाचा प्रोग्रॅम शोधतो. असा प्रोग्रॅम बिनमध्ये नाही. ‘नो सच फाइल’ पुन्हा खरंच होतं. कर्नल एवढंच कळवतो. तो ‘^एम’ बॅश स्वतः लिहितं. फाइल पुन्हा उघडून पहिली ओळ बघतं आणि शेवटी १३ असेल तर माणसाला दिसावा म्हणून ती दोन चिन्हं छापतं. बॅशच्या लेखकांनी हा आजार किती वेळा पाहिला असेल ते यावरून कळावं. दुर्दैवानं ५.२ आवृत्तीपासून हाच प्रसंग ‘कॅनॉट एक्झिक्यूट: रिक्वायर्ड फाइल नॉट फाउंड’ अशा शब्दांत येतो, आणि ‘^एम’ चा इशारा गेला. उबुंटू २४.०४ वर हा नवा संदेश दिसेल. कुठली फाइल ‘रिक्वायर्ड’, ते मात्र तुम्हीच शोधायचं. मला जुना संदेश जास्त आवडतो.

यानंतर प्रत्येक ओळीच्या शेवटचा १३ काढला, ‘७७७’ मागे घेऊन ‘७५५’ (बदल फक्त मालकाला, वाचणं-चालवणं सगळ्यांना) केलं, ‘बॅश -एन’ नं वाक्यरचना तपासली. स्क्रिप्ट चालली. शेवटचा निकाल विचारणारा ‘इको $?’ शून्य. याआधी १२६ आणि १२७ आले होते. १२६ म्हणजे फाइल सापडली पण चालवता आली नाही, १२७ म्हणजे सापडलीच नाही. सुरुवातीच्या ‘परमिशन डिनाइड’ चा १२६ होता, नंतरच्या ‘बॅड इंटरप्रिटर’ चा ‘नो सच फाइल’ असूनही १२६ च. हा आकडा फार थोडे लोक बघतात, पण फोनवर मदत करताना त्याच्याइतकं सोपं काही नाही. लांब इंग्रजी वाक्य वाचून घेण्यापेक्षा तीन आकडे विचारलेले बरे.

आण्णा कुठे गेले?

यादी छापली. अर्ध्या तासानं सचिवांचा फोन.

“साहेब, बाकी समदं बरोबर हाय. पण आण्णांचं नाव कुठाय?”

आण्णा म्हणजे संस्थेचे संस्थापक, सभासद क्रमांक १. त्यांची दोन म्हशींची धार रोज सकाळ-संध्याकाळ येते आणि त्यांचं बिल यादीत पहिलं असतं. या वेळी यादी क्रमांक २ पासून सुरू झाली होती. कुठेही एरर नाही, निकाल शून्य, आणि एक माणूस गायब.

ऑपरेटरला विचारलं, “आजच्या सीएसव्हीला हात लावला होतास?” लावला होता. सकाळच्या दोन नोंदींचं फॅट चुकून टिपलं गेलं होतं, म्हणून त्यानं फाइल एक्सेलमध्ये उघडली, दुरुस्त केली आणि सेव्ह करताना ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ निवडलं. कारण तेच. साध्या सीएसव्हीत सेव्ह केलं की एक्सेल सभासदांची मराठी नावं प्रश्नचिन्हांत बदलतं. आणि ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ निवडलं की एक्सेल तोंडाशी तेच तीन बाइट लावतं.

या फाइलीला शीर्षकाची ओळ नव्हती. पहिलीच ओळ सभासद १ ची. स्क्रिप्टमध्ये स्तंभ वाचणाऱ्या ऑक या कमांडला पहिल्या स्तंभात ‘१’ दिसला नाही, ‘बीओएम आणि १’ दिसला. त्या नावाचा सभासद यादीत नाही, म्हणून ओळ सोडून दिली. ओळींच्या शेवटचे १३ मात्र स्क्रिप्ट आधीच पुसत होती. लेखकाला विंडोजचा डेटा येणार हे माहीत होतं, त्यानं तेवढा विचार केला होता. बीओएमचा कुणी सहसा करत नाही.

पहिल्या स्थानी आण्णा होते म्हणून दहा मिनिटांत कळलं. फाइल दुसऱ्या क्रमानं लावलेली असती आणि पहिल्या ओळीत दीड लिटर घालणारी एखादी विधवा असती, तर ती पुढच्या बिलाला येऊन “बाळा, माझं पैसं आलं न्हाईत” म्हणेपर्यंत कुणाला पत्ता लागला नसता. सकाळचा आरडाओरडा करणारा बिघाड मला याच्यापुढे फार सज्जन वाटतो. त्यानं निदान काम बंद पाडलं. त्यामुळे मी नुसता बीओएम पुसून थांबलो नाही. स्क्रिप्टला हिशोब जुळवायला लावला : फाइलीत आलेले एकूण लिटर आणि बिलात गेलेले एकूण लिटर यांत फरक पडला तर यादी छापायची नाही, आणि न जुळलेली ओळ पडद्यावर दाखवायची. संस्थेचं दप्तर याच तत्त्वावर चालत आलंय. संध्याकाळी कॅनचा आकडा आणि वहीचा आकडा जुळल्याशिवाय कुणी घरी जात नाही. स्क्रिप्टलाच तेवढी मोकळीक का द्यायची?

दर स्क्रिप्टबाहेर

मुळात दर बदलण्यासाठी ऑपरेटरला स्क्रिप्ट उघडावी लागत होती, ही खरी अडचण. दर वर्षातून काही वेळा बदलतो. बेरजेची रीत बदलत नाही. दोन्ही एका फाइलीत ठेवले की दर बदलणाऱ्याच्या हातात बेरीजही जाते. ‘पुन्हा नोटपॅड वापरू नको’ हा सल्ला मी दिला नाही, कारण तो पाळला जाणार नाही, आणि पाळावा तरी का? त्याच्या टेबलावर तेच आहे.

म्हणून दर वेगळ्या फाइलीत गेले. दोन ओळी : ‘गाय’ आणि पुढे ३.५ फॅट, ८.५ एसएनएफचा मूळ दर. ‘म्हैस’ आणि पुढे ६.० फॅट, ९.० एसएनएफचा. ही फाइल नोटपॅडमधूनच येणार असं गृहीत धरून स्क्रिप्ट वाचतानाच बीओएम आणि १३ पुसते. क्रॉनच्या ओळीला आउटपुट एका लॉग फाइलीत जोडून ठेवलं, म्हणजे तक्रार फेकली जाणार नाही.

चाचणीत यातही एक मेख निघाली. ऑपरेटरच्या संगणकावर बनवलेली दराची फाइल घेऊन बघितलं तर म्हशीचा दर रिकामा येत होता. शेवटच्या ओळीनंतर एंटर मारला नसेल तर नोटपॅड आपण होऊन ओळ संपल्याची खूण टाकत नाही. बॅशचं ‘रीड’ अशी अर्धवट ओळ वाचतं, ती चलात भरतंही, पण ‘फाइल संपली’ म्हणून अपयश कळवतं. ‘व्हाइल’ चा फेरा ते अपयश बघून थांबतो, आणि हाती आलेली शेवटची ओळ न वापरताच टाकून देतो. दुसरी ओळ म्हशीची, आणि या गावात निम्म्याहून जास्त दूध म्हशीचं. फेऱ्याच्या अटीत ‘किंवा चल रिकामा नसेल तर’ एवढं जोडलं की शेवटची ओळही येते. शिवाय दोन्हींपैकी एकही दर रिकामा किंवा शून्य असेल तर स्क्रिप्ट तिथेच थांबते.

आता यादीच्या पहिल्या पानावर सर्वांत वर वाचलेले दोन्ही दर, एकूण लिटर आणि सभासदांची संख्या छापली जाते. सचिव आधी ती ओळ दरपत्रकाशी ताडून बघतात, मग खाली सही करतात. पुढची दरवाढ आली तेव्हा ऑपरेटरनं विंडोज ७ वरच्या त्याच नोटपॅडमध्ये आकडा बदलला, पेन ड्राइव्हवरून फाइल आणली, आणि फोन मला न करता थेट छापखान्याला केला.